बक्षिसाचा घोडेस्वार आणि बिनबक्षिसाचे गांधीजी

२०२४ च्या दिवाळीला दहा-बारा दिवस राहिले होते. कापूस फुटला होता, वेचाईला बाया मिळत नव्हत्या, आणि मिळाल्या तर मजुरी रोखच द्यावी लागत होती. अशा दिवसांत सकाळी सकाळी गुरुजी माझ्या दुकानात आले. आर्वी तालुक्यातलं त्यांचं गाव, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, चार एकर कोरडवाहू. मला चौथीत त्यांनी शिकवलं. माझं दुकान झेरॉक्स आणि स्टेशनरीचं. नाण्यांचा नाद पंचवीस वर्षांचा, पण धंदा म्हणावा एवढा नाही. तरी आजूबाजूच्या पाच-पन्नास गावांत कोणाकडे जुनं नाणं निघालं की ते माझ्याकडे येतं.

गुरुजींनी खिशातून प्लास्टिकच्या गोल डबीतलं नाणं काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"बापू, हे इकून दे लेका. जगातलं पह्यलं बक्षीसवालं नाणं आहे. आता तं भाव वाढला असन."

डबीत अमेरिकेचा अर्धा डॉलर होता, १९८२ चा. एका बाजूला घोड्यावर बसलेले जॉर्ज वॉशिंग्टन, दुसऱ्या बाजूला त्यांचं माउंट व्हर्ननचं घर. आरशासारखी चकचकीत पाटी आणि त्यावर दुधी उठाव, म्हणजे प्रूफ नाणं. २०२३ च्या उन्हाळ्यात गुरुजींनी ते मोबाइलवर एका विक्रेत्याकडून मागवलं होतं. किंमत मोजली होती ७,२०० रुपये. सोबत एक छापील कार्डही होतं : जगातला पहिला 'कॉइन ऑफ द इयर' पुरस्कार, मर्यादित टांकणी, गुंतवणुकीसाठी उत्तम.

पुरस्कारामुळे आधुनिक संग्राह्य नाण्याची किंमत वाढते का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. गुरुजींच्या प्रकरणात तो पार वजनकाट्यापर्यंत गेला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतो आहे.

आधी खरं-खोटं

माझा पहिला संशय होता की नाणंच बनावट असेल. नाणं १२.४९ ग्रॅम भरलं. मूळ वजन साडेबारा ग्रॅम, तेव्हा ते बरोबर. व्यास ३०.६ मिलिमीटर, तोही बरोबर. चुंबकाला चिकटत नव्हतं. भिंगातून सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचं 'एस' अक्षर साफ दिसत होतं. नाणं अस्सल होतं.

दुसरा संशय पुरस्कारावर. तोही खोटा निघाला नाही. 'कॉइन ऑफ द इयर' हे बक्षीस अमेरिकेतल्या क्राउझ पब्लिकेशन्सने १९८४ साली सुरू केलं. ही तेव्हा नाण्यांवरची मासिकं आणि कॅटलॉग काढणारी संस्था होती. चेस्टर क्राउझ नावाच्या माणसाने १९५२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या आयोला या लहानशा गावातून नाण्यांचं वार्तापत्र काढलं, त्यातून ती उभी राहिली. (खेड्यात बसून जगभराच्या नाण्यांचे भाव छापणारा माणूस म्हणून मला त्याचं फार कौतुक आहे, पण ते असो.) पहिलं बक्षीस १९८२ सालच्या नाण्यांमधून द्यायचं होतं, आणि ते वॉशिंग्टनच्या या अर्ध्या डॉलरलाच मिळालं. वॉशिंग्टनच्या जन्माला २५० वर्षं झाली म्हणून ते काढलं होतं. १९५४ नंतर अमेरिकेने काढलेलं हे पहिलंच स्मारक नाणं. रेखाटन एलिझाबेथ जोन्स यांचं, त्या टांकसाळीच्या मुख्य कोरीवकार होत्या.

तर विक्रेता बक्षिसाबद्दल खोटं बोलला नव्हता. त्यामुळे प्रकरण अवघड झालं. फसवणूक असती तर "गुरुजी, तुम्ही फसलात" म्हणून मोकळा झालो असतो. इथे गुरुजी खऱ्या माहितीवर विसंबले होते आणि तरीही पैसे अडकले होते.

कार्डावरची खोट 'मर्यादित' या शब्दात होती. अमेरिकेच्या टांकसाळीने ही नाणी प्रूफमध्ये सुमारे ४९ लाख आणि साध्या चकाकीत सुमारे २२ लाख विकली. एकूण ७१ लाखांच्या आसपास. यातली थोडी पुढे वितळली असतील, पण उरलेली आजही लोकांच्या कपाटांत आहेत. बहुतेकांनी जपून ठेवल्यामुळे चांगल्या अवस्थेत आहेत. टांकून लगेच डबीत गेलेल्या नाण्यांचं हेच दुखणं असतं. चलनात फिरून झिजलेली, हरवलेली, नदीत टाकलेली नाणी आपोआप कमी होत जातात. जपलेली कमी होत नाहीत.

सराफाचा काटा

गुरुजींना हे पटेना. मग त्यांच्याच ओळखीच्या सराफाकडे गेलो. जाताना त्यांनी घरून पेढ्याचा जुना डबा आणला. त्यात तीन चांदीची नाणी होती, १९६९ ची दहा रुपयांची, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीची. वडिलांनी दहा-दहा रुपयांना घेतलेली. गांधीजींची बाजू वर करून गुरुजींनी ती सराफाच्या गादीवर ओळीने मांडली आणि शेजारी अमेरिकेचा घोडेस्वार ठेवला.

मी इतकी वर्षं नाणी पाहतो, पण इतकी सरळ तुलना कधी समोर आली नव्हती. एक अमेरिकेचा राष्ट्रपिता, एक आपला. दोन्ही चांदीची, दोन्ही स्मारक नाणी, दोन्ही लाखांच्या संख्येत टांकलेली. फरक एवढाच की एकाच्या नावावर जगातलं पहिलं बक्षीस होतं. दुसरं निघालं तेव्हा हे बक्षीस सुरू व्हायला पंधरा वर्षं बाकी होती.

सराफाने बक्षिसाचं कार्ड वाचलंच नाही. त्याने टंच विचारला, म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती ते.

वॉशिंग्टन नव्वद टंच. साडेबारा ग्रॅमात चांदी ११.२५ ग्रॅम. गांधीजी ऐंशी टंच. पंधरा ग्रॅमात चांदी १२ ग्रॅम. त्या दिवशी त्याने चांदी ९४ रुपये ग्रॅम सांगितली. म्हणजे तूट धरायच्या आधी वॉशिंग्टनची चांदी १,०५७ रुपयांची आणि गांधीजींची १,१२८ रुपयांची. बिनबक्षिसाचं नाणं सत्तर रुपयांनी पुढे.

(इथे एक सांगून ठेवतो. आपलं सरकारी नाणं वितळवायला २०११ च्या नाणे कायद्याने बंदी आहे. सराफाकडे गेलो ते फक्त वजन आणि चांदीचा हिशोब समजून घ्यायला.)

गुरुजी कागदावर आकडे मांडत बसले, गणिताचे शिक्षक ना. घेताना चांदी ७२ च्या आसपास होती, म्हणजे नाण्यात तेव्हा ८१० रुपयांची चांदी. दिले ७,२००. उरलेले ६,३९० रुपये कशाचे?

"बक्षिसाचे," गुरुजीच म्हणाले. आणि थोडं थांबून, "आन् त्या कार्डाचे."

पटाचा बैल

हिशोब मान्य केला तरी गुरुजींचा मूळ मुद्दा कायम होता, आणि त्यात दम होता. दुकानात परत आलो, चहा सांगितला. ते म्हणाले, "बापू, शंकरपटात जोडी नंबरात आली का तिचा भाव वाढते का नाही? लाखानं वाढते. मंग नाण्याचा काहून नाही?"

आमच्या भागात शंकरपट म्हणजे काय ते सांगायला नको. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना परवानगी देणारे कायदे कायम ठेवले, तेव्हापासून पट पुन्हा जोरात आहेत. पट जिंकलेली जोडी खरंच महाग विकली जाते. मी थोडा अडलो. मग गुरुजींच्याच गोठ्याची आठवण झाली. आर्वी, आष्टी, कारंजाचा भाग म्हणजे गवळाऊ जातीचं माहेर. पांढरी, हलक्या बांध्याची, पायाने चपळ जनावरं. गुरुजींच्या वडिलांकडे गवळाऊची जोडी होती.

मी म्हटलं, "गुरुजी, पटात बक्षीस कोणाला मिळते? त्या दोन बैलांना. उद्या कोणी गवळाऊ जातीलाच बक्षीस दिलं, तर तुमच्या गोठ्यातल्या बैलाचा भाव वाढन का?"

गुरुजी हसले. "जातीचं नाव होईन. बैलाचं दात पाहूनच भाव होईन."

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथेच आहे. 'कॉइन ऑफ द इयर' मिळतो तो रेखाटनाला, कल्पनेला, टांकणीच्या कामाला. दहा गटांत बक्षिसं असतात : ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाचं, सर्वांत कलात्मक, सर्वांत नावीन्यपूर्ण, उत्कृष्ट सोन्याचं, उत्कृष्ट चांदीचं, चलनातलं, असे. त्या दहांमधून एक वर्षाचं नाणं निवडतात. पण बाजारात विकला जातो तो एकेक नग. नगाचा भाव ठरतो तो त्याच्यासारखे आणखी किती आहेत, किती लोकांना हवा आहे आणि अंगावर ओरखडा आहे की नाही, यावर. बक्षीस एका नगावर नसतं, त्या वर्षाच्या सगळ्या ७१ लाख नगांवर सारखंच पसरलेलं असतं. वाटणीला किती येणार?

शिवाय वेळेचा घोळ. ज्या वर्षाचं नाणं त्याच्या साधारण दोन वर्षांनी बक्षीस. तोवर टांकणी संपलेली, नाणी बहुतेक विकली गेलेली, संख्या ठरून गेलेली. बक्षिसाने ती घटत नाही. फायदा झालाच तर टांकसाळीला होतो. पुढच्या नाण्याच्या जाहिरातीत 'पुरस्कारप्राप्त टांकसाळ' असं छापता येतं, आणि पुढचं नाणं चढ्या भावाने खपवता येतं. ज्याच्या कपाटात जुनं बक्षीसवालं नाणं आहे, त्याला त्यातलं काही मिळत नाही. कृषिभूषण मिळालेल्या शेतकऱ्याचा कापूस जिनिंगवर गेला की त्यालाही लांबी, ओलावा आणि कचरा पाहूनच भाव मिळतो. हां, त्याच्याकडची रोपं लोक शोधत येतात, तो त्याचा फायदा.

मंगोलियाचा प्राणी

एवढ्यात गुरुजींच्या पुण्याच्या भाच्याचा फोन आला. नाणं मागवून द्यायला मदत त्यानेच केली होती, त्यामुळे तो जरा चिडलेला. त्याने विचारलं, "काका, मग मंगोलियाच्या वुल्व्हरीनचं काय?"

त्याचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. मंगोलियाने २००७ मध्ये ५०० तुग्रिकचं एक चांदीचं नाणं काढलं. त्यावर वुल्व्हरीन नावाच्या रानटी प्राण्याचं तोंड, आणि डोळ्यांच्या जागी चक्क स्फटिकाचे खडे. लिखटेनस्टाइनच्या एका कंपनीने ते काढवून घेतलं होतं. या नाण्याला २००९ मध्ये 'कॉइन ऑफ द इयर' मिळाला. आज ते त्यातल्या चांदीच्या कितीतरी पट भावाने विकलं जातं. भाचा म्हणतो ते खरं आहे.

पण ते टांकलं होतं फक्त २,५०० नग. जगात प्राण्यांची नाणी जमवणारे, खडे बसवलेली नाणी जमवणारे, मंगोलियाची नाणी जमवणारे आणि फक्त बक्षीसवाली नाणी जमवणारे, असे चार प्रकारचे लोक २,५०० नगांवर तुटून पडले तर भाव चढणारच. बक्षिसाने यात हातभार लावला असं मला वाटतं. बक्षिसाची बातमी आली की ज्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं तेही शोधू लागतात. पण भाव बक्षिसाने चढला, की ज्या डोळ्यांच्या खड्यांमुळे परीक्षकांनी ते निवडलं त्याच खड्यांमुळे गिऱ्हाइकानेही निवडलं? हे दोन धागे वेगळे काढता येत नाहीत. आणि वॉशिंग्टनच्या नाण्याकडे पाहिलं की एवढं तर कळतं : संख्या लाखांत असेल तर एकटं बक्षीस काही करू शकत नाही.

भाच्याला मी म्हटलं, "हजारात असेल तर बक्षिसाकडे पाहा, लाखात असेल तर वजनाकडे पाहा." त्याला ते रुचलं नाही, पण गुरुजींनी कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

आपल्याकडची गिऱ्हाइकी

आणखी एक गोष्ट भाच्याच्या हिशोबात नव्हती. अमेरिकेत वॉशिंग्टनचं नाणं घेणारा शेजारी सापडेल. वर्धा जिल्ह्यात कोण घेणार? आपल्याकडचे संग्राहक आपली नाणी घेतात. नाण्यावरची टांकसाळीची खूण, म्हणजे मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याचं बिनखुणेचं, हे पाहत बसतात. चुकून तिरपं टांकलेलं नाणं मिळालं तर जीव टाकतात. २०१९ मध्ये नव्या मालिकेची नाणी आली, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या मदतीने रेखाटलेली, अंधांना हाताने ओळखता यावीत अशी. वीस रुपयांचं बारा कोनांचं नाणं त्यातलंच. रेखाटन विचारपूर्वक केलेलं आहे. पण त्या रेखाटनासाठी वीसच्या नाण्याला कोणी एकवीस देत नाही. दहाचं नाणं तर आमच्या आठवडी बाजारात कित्येक वर्षं घेतच नव्हते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये चौदाही प्रकार चालतात असं पत्रक काढलं, तरी भाजीवाली "दुसरं द्या ना जी" म्हणायची.

मनाच्या किमतीचं गणित तर आणखी वेगळं. १९९० चा बाबासाहेबांचा रुपया आमच्याकडे अनेक घरांत फोटोजवळ ठेवलेला असतो. लाखो रुपये दिले तरी विकणार नाही असं म्हणणारे लोक आहेत. बाजारात तो थोडक्या रुपयांत मिळतो, कारण भरपूर आहे. उलट बाजूने, वैष्णोदेवीचं नाणं असेल तर दहा लाख मिळतील, असे फोन अजून येतात. आधी 'नोंदणी फी' भरा म्हणतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपलं नाव वापरून चालणाऱ्या असल्या व्यवहारांबद्दल सावध केलं होतं. गुरुजींना निदान नाणं तरी मिळालं, असं मी त्यांना म्हटलं. ते नुसते पाहत राहिले. बोललो ते चुकलंच.

चिंचेचा घासा

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नागपूरला गेलो. सीताबर्डीत माझ्या ओळखीचे एक नाणेविक्रेते आहेत, वीस वर्षांचा व्यवहार. त्यांनी वॉशिंग्टन हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि डबी न उघडताच खाली ठेवला. "अकराशे. नाहीतर ठेवून जा, गिऱ्हाईक आलं तर फोन करतो." बक्षिसाचं सांगितल्यावर म्हणाले, "ठाऊक आहे. म्हणूनच अकराशे म्हटलं, नाहीतर हजार म्हटलं असतं."

मग गांधीजी. भिंग काढलं, खिडकीशी गेले, एकेक नाणं कडेने धरून उजेडात फिरवलं. दोन नाण्यांवर जुन्या चांदीवर येते तशी निळसर-सोनेरी छटा होती, गांधीजींच्या कानाजवळ थोडी गडद. "ही दोन, प्रत्येकी साडेचौदाशे." तिसरं मात्र पांढरंफेक होतं. आम्हाला तेच सगळ्यांत छान वाटत होतं.

"हे घासलं कोणी?"

गुरुजी कसनुसे झाले. दर लक्ष्मीपूजनाला सूनबाई डब्यातलं एक नाणं काढते, चिंच आणि राख लावून चमकवते आणि पूजेत मांडते. दर वर्षी तेच एक, वरचं. भिंगाखाली गालावर बारीक बारीक रेघा दिसत होत्या, सगळ्या एकाच दिशेच्या.

"बाराशे," विक्रेते म्हणाले.

मी परतीच्या गाडीत हाच हिशोब करत होतो. चिंचेच्या घासाने एका नाण्याचे अडीचशे रुपये गेले. जगातल्या पहिल्या बक्षिसाने दुसऱ्या नाण्याला, विक्रेत्याच्याच शब्दांत, शंभर रुपये दिले.

गुरुजींनी छटावाली दोन नाणी दिली. २,९०० रुपये मोजून घेतले, दोनदा. घासलेलं नाणं मात्र परत डब्यात टाकलं. "दिवाळी आली. सूनबाई काय मांडन?" वॉशिंग्टनही त्यांनी अकराशेला दिला नाही. सात हजाराचं नाणं अकराशेला द्यायला हात धजत नव्हता, आणि मीही आग्रह केला नाही. वेचाईला कमी पडले ते मी दिले, तूर निघाल्यावर परत करायच्या बोलीवर.

दिवाळीनंतर भाच्याने तेच नाणं मोबाइलवर विकायला टाकलं. १,८०० रुपये किंमत, ठळक अक्षरांत 'जगातलं पहिलं पुरस्कारप्राप्त नाणं', आणि फोन नंबर गुरुजींचा. महिनाभरात तीन फोन आले. पहिल्याने विचारलं, घोडा आहे म्हणजे शिवकालीन आहे का. दुसऱ्याने विचारलं, महाराजांच्या हातात तलवार दिसते का. तिसऱ्याने वजन आणि टंच विचारला, आणि बाराशे पन्नास म्हणाला. गुरुजींनी त्याला देऊन टाकलं.